दोन चुलींमधली भिंत

सुहासिनीबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या जावेच्या टाईल्स लागल्यापासून. चेरीताल मोहल्ल्यातलं घर दोघा भावांत वाटलं गेलं तेव्हा मधोमध एक पातळ भिंत उभी राहिली. अलीकडे सुहासिनीबाईंची चूल, पलीकडे प्रणोतीची. पलीकडच्या अंगाला प्रणोतीनं अशा लंब्याचौड्या, चकचकीत टाईल्स लावल्या की येणारीजाणारी त्यात तोंड पाहून घेई. अलीकडे मात्र त्याच जुन्या, वीतभर, तपकिरी फुलांच्या. फोडणीचे डाग तर गोंदवून घेतल्यासारखे.

तेही गिळलं असतं बाईंनी. पण दीर अविनाश ऑफिसातून येता येता दारात उभ्यानंच बोलून गेले, "वहिनी, यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवू म्हणतो. किचन नवं आहे, एवढा स्वयंपाक करायला बरं पडेल."

या घरात आल्यापासून महालक्ष्म्या बाईंच्याच हातानं बसत होत्या. सासूनं मुखवटे त्यांच्याच ओटीत घातले होते. अन् आता टाईल्स पाहून देव घर बदलणार?

"पाहू," एवढंच म्हणाल्या, अन् दुसऱ्याच सकाळी फुलचंद मिस्त्री हजर केला.

फुलचंदनं वरच्या ओळीपासून छन्नी लावली. पण निघतात कसल्या! एक काढावी तर चार तुकड्यांत येई, वर प्लास्टरचा पोपडा घेऊन. डब्यांवर धूळ, देवांवर धूळ, चहात धूळ.

"अम्माजी, ऐसे तो चार दिन लगेंगे."

"महालक्ष्म्या तोंडावर येऊन राहिल्या अन् हा चार दिन सांगतो! बड़ा हथौड़ा नहीं है क्या?"

होता. पहिल्याच घावाला तीन सुटल्या. दुसऱ्या घावाला भिंतीपलीकडे खण्णकन काहीतरी फुटलं. फुलचंदचा हात थांबला. बाईंना काय फुटलं ते बरोबर कळलं. भिंत एकच आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"रुका काहून? और ज़ोर से!"

मग पलीकडे धडाधड पडायलाच लागलं. प्रणोती धावत आली, केसांत धूळ, हातात टाईलचा एक मोठा टवका.

"ताई! माझ्या भिंतीच्या अख्ख्या टाईल्स खाली आल्या!"

"अगबाई! पक्क्या नव्हत्या काय लावलेल्या? माझ्या पाहा, हातोडा खाल्ल्याशिवाय हलत नाहीत."

प्रणोती रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती रडली नाही. मागून अविनाश आले, दोन्हीकडे डोकावून कपाळाला हात लावून बसले. "घ्या! ना तुमचं किचन, ना आमचं."

"आमचं आहे ना," बाई म्हणाल्या. "भिंतीला चुना मारते. महालक्ष्म्यांना काही टाईल्स लागत नाहीत, भाऊजी."

प्रणोतीनं टवका ओट्यावर ठेवला. "चालेल ताई. ज्येष्ठा तुमच्याकडे बसवा. कनिष्ठा माझ्याकडे. माझी बैठक साबूत आहे."

"वेडी झाली काय? बहिणी आहेत त्या! एक इथं अन् एक तिथं, असं कुठं असते?"

"मग मला इथंच यावं लागेल. कनिष्ठेचं सगळं धाकट्या सुनेनं करायचं, सासूबाईंचाच नेम आहे. काय हो?"

"अच्छा, आहे तर आहे," अविनाश हळूच म्हणाले.

बाईंनी जावेकडे पाहिलं. तिनं त्यांना असं कोंडीत पकडलं होतं, की हलायला जागा नव्हती. "ये मग. पण चूल माझी, हात माझा. तू आपलं पुरण वाटून दे."

सणाच्या दिवशी चुन्याच्या भिंतीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. अविनाशांच्या बँकेत बदलून आलेल्या साहेबांची बायको पहिला घास घेऊन म्हणाली, "पुरण काय मऊ झालंय हो! कोणी केलं?"

सगळ्या पंगतीची मान प्रणोतीकडे वळली.

"मिक्सर चांगला आहे तिचा," सुहासिनीबाई म्हणाल्या, अन् पंगतीत तूप वाढत वाढत जावेच्या पानापाशी आल्या तेव्हा त्यांची धार जरा बारीकच झाली.