उर्पोच्या सौनाची भिंत

उर्पो बोलायला लागला की त्याला आवरणार कोण? गावात दुसरं कुणी बोलतच नसे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला त्याचा फेस म्हणे भिंतीत भरला की घर उबदार राहतं आणि पेटतही नाही. आता तो वृद्धाश्रमाच्या भिंतींत भरायचं घाटत होतं. गावसमितीतल्या हिल्काची आई तिथेच अंथरुणाला खिळलेली. तिला घरी न्यावं तर उचलायला दोन माणसं हवीत, आणि हिल्का एकटी.

उर्पोने गावसमितीपुढे फेसाच्या वडीवर ज्योत धरली. वडी नुसती काळवंडली. मग रीतीप्रमाणे सगळ्यांना त्याने तळ्याकाठच्या आपल्या नव्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात नेलं. इथे सही मागाहून होते, सौदा आधी वाफेत घाम गाळून ठरतो.

पहिली पाळी बायकांची.

"भिंत ऊब छान धरते गं," हिल्का म्हणाली. "नवऱ्याचाच फेस ना आत?"

"छे गं बाई!" उर्पोची बायको मार्केत्ता तापल्या दगडांवर पाणी ओतत हसली. "इथे न पेटणारी दगडी लोकर भरलीय. भट्टी बघ ना किती जवळ! उर्पो म्हणाला, घरच्यांच्या जिवाशी खेळ नको."

हिल्काच्या अंगाची लाही झाली. सौनानंतरच्या बैठकीत तिने हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"भट्टीची गोष्ट वेगळी," उर्पो म्हणाला. "आश्रमात कोण भट्टी लावतंय?"

"मग भिंतीची आगीची चाचणी झालीय का?"

"होईल की."

अध्यक्ष ताउनो खाकरला. त्याचीही आई आश्रमातच होती. "हिल्का, सौनातलं बोलणं सौनात राहतं. रीत सोडू नकोस."

"वा रे तुझी रीत! सौदा केलेला चालतो, खरं बोललेलं चालत नाही?"

तोंडं उघडली ती फक्त दालचिनीच्या पावासाठी. उर्पोच्या फेसासाठी हात मात्र पटापट वर झाले. शिष्टाचार म्हणे! निव्वळ भित्रेपणा, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी आईला पेज भरवायला हिल्का आश्रमात आली, तर दारात ताउनोची गाडी. त्याची आई पुढे शाल गुंडाळून बसलेली, आणि समितीचे अध्यक्ष तिची आरामखुर्ची मागे कोंबतायत.

"कुठे रे नेतोस?"

"घरी. इथे करमत नाही तिला."

हिल्काने खिडक्यांकडे पाहिलं. "आणि बाकीच्या म्हाताऱ्या, ताउनो? त्यांना करमतंय वाटतं?"

ताउनोने खुर्ची आत ढकलली आणि दार लावून घेतलं.