एका हंगामाचा कॅरम बोर्ड

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, चौकोनी आहे आणि चारी कोपऱ्यांत भोकं असूनही अजून कामात आहे. मी एक जुना कॅरम बोर्ड.

माझी उमेदीची वर्षं आदिलाबादच्या एका कचेरीत गेली. जेवणाच्या सुट्टीत साहेबलोक माझ्यावर खेळत आणि ती सुट्टी संध्याकाळपर्यंत चाले. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. त्या कचेरीत काम नसलेला मी एकटाच नव्हतो, पण बाहेर काढलं ते मला एकट्यालाच.

तिथल्या एका कारकुनाने मला घरी नेलं. त्यांची मुलगी प्रीती नुकतीच बी.ए. झाली होती. चर्चने तिला तरुणांमध्ये काम करायला जैनथकडच्या एका गावी पाठवलं, दिवाळीपासून ईस्टरपर्यंत. तेवढ्यात तिथे तरुण संघ उभा राहिला तर ठीक, नाहीतर गावच्या चर्चची कमिटी तो विषयच कायमचा मिटवणार होती. प्रीतीने बायबल घेतलं, गीतांचं पुस्तक घेतलं आणि मला घेतलं. मुलं खेळायला येतील आणि प्रार्थनेला थांबतील, असा तिचा अंदाज.

प्रार्थनामंदिराला लागून तरुणांसाठी बांधलेली एक खोली होती. तिच्यात छतापर्यंत कापूस भरलेला होता.

"पावसाचं वातावरण होतं, म्हणून माहा कापूस दोन दिवसांपुरता ठेवला," कमिटीचे लक्ष्मणराव म्हणाले.

पाऊस येऊन गेला, थंडी पडली. कापूस भाव चढायची वाट पाहत तिथेच बसला. इतक्या नेमाने हजर राहणारं त्या मंदिरात दुसरं कोणी नव्हतं.

तरुण संघ मग ओसरीवर भरू लागला. म्हणजे प्रीती आणि मी. पहिल्या रविवारी ती दोन्ही बाजूंनी एकटीच खेळली आणि हरली.

नाताळच्या आठवड्यात तिने शहरातल्यासारखं घरोघरी जाऊन गीतं गायचं ठरवलं. वेळ ठेवली सकाळी दहाची. सोबत फक्त गावातली एक मुलगी, नेहा, तीही ताप आल्यामुळे घरी होती म्हणून. ढोलकी उंदरांनी कुरतडलेली. नेहाने मला दोरीने गळ्यात अडकवलं आणि पाठीवर थाप मारली. आवाज बरा निघाला, असं मला तरी वाटलं. पण वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला घरी असतं कोण? आम्ही दारोदार गायलो. कुलपांनी शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटच्या कुलपापुढे प्रीती पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"मी उद्या परत जाते, नेहा. इथं माझी कोणालाच गरज नाही."

"हे कुलपाले काऊन विचारून राह्यल्या, ताई?" नेहा म्हणाली. "माणसं तिकडं वावरात हायेत. तिकडं चला ना!"

दुसऱ्या दिवशी प्रीती वेचणाऱ्यांच्या ऑटोत बसली. मी टपावर. कपाशीच्या सुकलेल्या बोंडांनी तिची बोटं ओरबाडून निघाली.

"ताई, कापूस येचून राह्यल्या का पालापाचोळा?" शेजारच्या ओळीतली चंचल म्हणाली. ही पोरगी सगळ्यांत भराभर वेचायची आणि सगळ्यांत कमी बोलायची. तेव्हा हा मोठाच सत्कार समजायचा.

दुपारी बांधावर भाकरी, मग माझ्यावर एक डाव, एक गीत आणि एक प्रार्थना. प्रार्थना आटोपशीर असे, कारण 'आमेन' व्हायच्या आत मुकादम हाक मारी. काही मुलं आली, काही गेली. निहार चांगला रमला होता, तो निरोपही न घेता हैदराबादला कामाला गेला. त्या दिवशी प्रीती जेवली नाही.

ईस्टर झाल्यावर पाळकसाहेबांसमोर कमिटी बसली.

"किती पोट्टे जमले?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"चार," प्रीती म्हणाली.

"चार पोट्ट्यांसाठी येवढा हंगाम खपवला? बंद करू आता."

प्रीतीने पिशवी उचलली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बंद काऊन करता, काका? ताई चालल्या, आमी थोडेच चाललो!" चंचल होती. मागे नेहा आणि दोन पोरं. "संघ आमी चालवतो. खोली द्या."

"खोलीत माहा कापूस हाय."

"ठाऊक हाय. आमीच येचला. येचता येते, तर उचलता बी येते."

पाळकसाहेबांना नेमका तेव्हाच खोकला आला आणि बराच वेळ पुरला.

"मंग दोन दिवस तरी द्या," लक्ष्मणराव म्हणाले.

"दिवाळीपासून दोनच दिवस चालू हायेत, काका!"

मग लक्ष्मणरावही हसले. त्याच दुपारी गाठोडी निघाली, पोरांच्या डोक्यांवरून, गीतं म्हणत. पुढे लक्ष्मणराव, "सांडू नका रे!" असं ओरडत, आणि तेही चक्क तालात. प्रीतीच्या डोक्यावर सगळ्यांत मोठं गाठोडं होतं. इतकं ताठ चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या बसने ती गेली. मला तिने मुलांकडे ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावर चहाचे कप ठेवू नका, मला ओल लागू देऊ नका, पावडर बेताने टाका. लाकूड जपलं तर टिकतं. माणसांचंही तसंच. कोणी थोड्या दिवसांसाठी तुमच्या गावी आलं, तर त्याला कुलपांपुढे गात ठेवू नका. आणि त्याने काय कमावलं ते बघायचं असेल, तर तो गेल्यानंतरच्या रविवारी या. आमच्याकडे त्या रविवारी खोली उघडी होती, माझ्याभोवती सात जण होते, आणि चंचल, जी बोलतच नसे, ती सगळ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करत होती.