डाळिंबाचं कापड

गेणूतात्यांना डाळिंबं झाकायची ती भर दुपारीच. सकाळची सावली फसवी, म्हणायचे. ऊन डोक्यावर आल्याशिवाय कुठल्या फळाला चटका बसणार ते कळत नाही. कळस गावच्या शिवारात माती भाजून निघत होती, तरी पांढऱ्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून ते बागेत फिरत. उघडं झाड दिसलं की कापड टाकून सुतळीनं बांधत.

त्या रविवारी त्यांची लेक प्रगती बारामतीहून आली ती क्षारांच्या पुड्या घेऊनच. "बारा ते चार बाहेर पडायचं नाही. तहान नसली तरी पाणी प्यायचं. डोक्याला ओला पंचा..."

"हवामान खातं आलं बघ," तात्या बायकोला, कुशाबाईला म्हणाले. "ह्या पुड्या झाडांना सोडायच्या, का मी प्यायच्या?"

"तात्या, मी चेष्टा करत नाहीये."

"मग मलाबी एक कापड आण. डाळिंबागत झाकून ठीव."

कुशाबाई हसली. प्रगतीलाही हसू आलं. ओठावर आलेलं काहीतरी तिनं गिळलं आणि पुन्हा पाण्याचंच सांगत बसली. संध्याकाळी एसटीत बसवून देताना तात्यांनी तिच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या बागेतून आले ते भिंत धरत. घाम थांबलाय, थंडी वाजतीय, म्हणाले. घाम थांबला म्हणजे अंगातलं ऊन उतरलं, असंच कुशाबाईला वाटलं. तिनं कढत चहा दिला, अंगावर गोधडी घातली. अशा वेळी घाम आटणं हीच धोक्याची खूण, हे इंदापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर तात्या गेले होते.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. प्रगतीचा पाय घरात ठरेना. माठ बघायची, पत्र्यावर पोती भिजवून टाकायची, पुन्हा माठ बघायची. पुस्तक उघडलं की एकाच ओळीत अडकायची. एका दुपारी माठाकडून वळली तर आई दिसेना. दारामागचा कापडाचा गठ्ठाही नव्हता.

ती अनवाणीच पळाली. बागेत कुशाबाई टाचा उंचावून झाडावर कापड टाकत होती.

"आई, घरी चल."

"एवढी ओळ झाकू दे. त्यांची अर्धीच राहिलीय."

"ऊन उतरल्यावर झाकू."

"दुपारीच कळतं, ऊन कुठल्या फळावर पडतंय ते."

प्रगतीनं तिचा हात धरला. हात तापलेला होता, पण घामानं ओला होता. तो ओलावा लागल्यावर प्रगतीला श्वास घेता आला. तिनं आईला ओढतच लिंबाखाली आणलं आणि तिथं ठेवलेल्या कळशीतलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं. कुशाबाईनं ओतू दिलं. नजर मात्र बागेकडंच.

"डाग पडतील गं फळांना. लेकरावानी जपलीती त्यांनी."

बारा ते चार, असं प्रगतीच्या तोंडात आलं होतं. ते तिनं सोडून दिलं.

"पडू दे. समदी बाग वाळली तरी चालंल. मला तू पायजेस, आई."

मग अर्ध्या झाकलेल्या ओळीकडं बघत, मोठ्यानं, समोर कुणी उभं असल्यासारखं ती म्हणाली,

"तात्या, मला तुमी पायजे होता."