एक सूत सरकलेला लाल

मी चित्रकथेची एक प्रत बोलतेय. पानं बत्तीस, पिना दोन, त्यातली एक गंजलेली. आधीच सांगते, लिहिण्यात चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. माझी सगळी भाषा पात्रांच्या तोंडच्या फुग्यांमधली. फुग्यात जागा थोडी, त्यामुळे अवघड शब्द माझ्या वाट्याला आलेच नाहीत. 'धडाम्' आणि 'थांबा!' एवढ्यावर निम्मं आयुष्य निघालं.

माझा जन्म छापखान्यातला. रंगीत पान एका दमात छापत नाहीत. आधी पिवळा, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळ्या रेघा, असं चार वेळा यंत्रातून जावं लागतं. माझ्या वेळी लाल रंगाची प्लेट एक सूत उजवीकडे सरकली. झालं! माझी नायिका एक धाडसी नावाडीण. तिचा लाल रुमाल गळा सोडून हवेत गेला आणि ओठ गालावर जाऊन बसले.

यंत्रावरच्या माणसाच्या लक्षात येईपर्यंत गठ्ठाभर प्रती वाया गेल्या होत्या. सगळ्या रद्दीत निघाल्या. मी तेवढी त्याच्या डब्याच्या पिशवीत शिरले, कारण घरी त्याचा मुलगा तापाने पडला होता.

मुलगा तापातून उठला तो मला हातात धरूनच. खिडकीच्या काचेवर मला टेकवायचं, वर कोरा कागद ठेवायचा आणि उजेडात रेघ अन् रेघ गिरवायची, हा त्याचा उद्योग. नावाडीण प्रत्येक पानावर उजवीकडेच धावते. त्याला वाटलं, ती इतकी घाईत आहे की तिचा लाल रंग तिच्याही पुढे निघालाय. केवढा हुशार हा चित्रकार, नुसत्या रंगातून वारा दाखवतो! मी फुशारून गेले. माझ्या चुकीचं कोणी पहिल्यांदाच कौतुक करत होतं.

शाळेचं आणि त्याचं मात्र कधी जमलं नाही. फळ्यापाशी उभं केलं की तो बोलायचं सोडून खडूने नावाडीणच काढायचा. शेवटी शाळा मध्येच सुटली आणि तो चित्रकलेच्या वर्गात दाखल झाला. तिथे त्याला सगळे मौनीबुवा म्हणत. मी त्याच्या पिशवीत असे, ब्रशांच्या शेजारी. टर्पेंटाइनचा वास तेव्हापासून अंगाला चिकटलाय तो चिकटलाच.

त्या वर्गाच्या कपाटात एका जुन्या चित्रकाराचं जाडजूड पुस्तक होतं. स्वयंपाकघरं, भांडी, भाजी निवडणाऱ्या बायका, आणि एकाच खिडकीतून येणारा उजेड. मौनीबुवांनी ते महिनोन्‌महिने समोर ठेवून रंगवलं. खरं सांगते, मला मत्सर वाटला. त्याच्या पानांना सोनेरी कडा, माझ्या पानांना चहाचे डाग. पण मुलगा आम्हा दोघांना एकाच टेबलावर उघडून ठेवायचा. उजेड त्याच्याकडून घ्यायचा, ठसठशीत काळी रेघ माझ्याकडून.

वर्गाच्या बाईंचा एक दंडक होता. प्रत्येक चित्राच्या पाठीवर 'कोणावरून' असं लिहून ज्याच्याकडून जे घेतलं त्याचं नाव घालायचं. "उसनं घेण्यात लाज नाही, लपवण्यात आहे," असं त्या म्हणायच्या. वर्षातून एकच चित्र समोरच्या भिंतीवर लागे. ज्याचं लागलं तो वरच्या वर्गात. ज्यांचं नाही, ते पुन्हा मडकी काढायला मोकळे. मौनीबुवा दोन वर्षं मडकीच काढत होते.

तिसऱ्या वर्षी त्याने आपल्या वडिलांना रंगवलं. छापखान्याच्या खिडकीशी बसून हात पुसताना. खिडकीतला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, भोवती जाड काळी रेघ, आणि हातातल्या लाल फडक्याचा रंग रेघेबाहेर, एक सूत उजवीकडे.

बाई चित्रासमोर आल्या. मग त्यांनी ते उलटलं.

"उजेड या चित्रकाराचा, बरोबर. रेघ त्या चित्रकथावाल्याची, तेही बरोबर. पण हा लाल कुणाचा?"

"त्यांचाच, बाई."

"छे! शाळेत बाकाखाली लपवून त्याचीच पुस्तकं वाचलीत मी. मार खाल्लाय त्यापायी. तो लाल रंगाला रेघेबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही." त्यांनी कपाटातून एक प्रत काढली. माझीच बहीण! तेच मुखपृष्ठ, तीच नावाडीण, पण रुमाल गळ्यात आणि ओठ ओठांच्या जागी.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "म्हणजे मौनीबुवा, इतकी वर्षं छापखान्याची चूक गिरवत होतात?"

"हसू नका," बाई म्हणाल्या. "आणि तू, सकाळपर्यंत पाठीवर खरं काय ते लिहून आण. खोट्या नावाचं चित्र भिंतीवर लागणार नाही."

घरी आल्यावर त्याने मला रद्दीवर आपटलं. पहिल्यांदाच. मग लाल पुसून रेघेच्या आत बसवायला ब्रश उचलला. तेवढ्यात वडील कामावरून आले.

"अरे, हा मी की काय? नाक जरा कमी चाललं असतं." मग ते पुढे वाकले. "हा लाल सरकलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळणार? मीच सरकवलाय तो." त्यांनी मला रद्दीवरून उचललं, झटकलं. "त्या दिवशी चष्मा घरी विसरलो होतो. तुझ्या तापाच्या गडबडीत. वर सांगायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने प्लेट लावली. मालकांनी मला असं काही फैलावर घेतलं म्हणतोस!"

"आणि मला वाटायचं तो वारा आहे."

"वारा?" वडील एकेक पान उलटत गेले. "हो रे. तसं पाहिलं तर... पळतेय खरी." ते थोडे हसले. "मग आता काय, नीट करणार?"

त्याने ब्रश धुऊन ठेवला.

आता मी म्हातारी झालेय. शेवटचं पान निसटलंय, नावाडिणीचा शेवट शोधायला लागतो. एवढंच मागणं आहे: तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी बिघडलेली प्रत असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा विचारा, कोणी तिच्यावरून काही शिकतंय का.

आणि हो, त्या चित्राचं राहिलंच: दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. चित्राच्या पाठीवरची दोन नावं त्याने तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, 'लाल रंग: माझ्या वडिलांवरून'. मग कामावर निघालेल्या वडिलांना हाताला धरून आधी वर्गात नेलं. बाईंनी पाठ वाचली, वडिलांकडे पाहिलं आणि मुलाच्या हातात हातोडी आणि खिळा दिला. मौनीबुवांनी स्वतःच्या हाताने चित्र समोरच्या भिंतीवर टांगलं आणि तो मोठ्याने, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बाबा, चष्मा लावा आणि बघा."