बापाला हॉर्न

कापडे गावच्या ठकूबाईला त्या बिनआवाजाच्या गाडीचं आधी कोण कौतुक! दोन हजार आठच्या दिवाळीत मुंबईहून आलेल्या सुनीलने, तिच्या एकुलत्या एक लेकाने, महाडातून बॅटरीची स्कूटर घेतली नि थेट अंगणात आणून उभी केली, तरी चुलीपाशी बसलेल्या तिला पत्ता नाही. तिचा नवरा मोरू तेवढा कुरकुरला होता, मेली मुक्यानं येते, गाडी कसली ही.

चार दिवसांत मोरूच गेला. रस्त्यावर भात वाळत घातलेलं, वाहनांकडे पाठ करून तो ते पायाने हलवत होता. इथे असल्या कामात कोण कशाला वळून बघतंय? घरघर कानावर आली की माणूस आपसूक कडेला होतो. त्या दुपारी घरघर आलीच नाही. मोरू एक पाऊल मागे सरला, धक्का लागून पडला, नि कडेच्या दगडावर डोकं आपटलं. गाडी त्याच्याच लेकाची.

तेराव्याला पोलादपूरचे शरच्चंद्र वकील आले. भला माणूस. म्हणाले, असल्या गाड्यांना आवाज सक्तीचाच करायला हवा, मी वर लिहितो. सगळ्यांनी माना डोलावल्या. हॉर्न होता की गाडीला, असं कोणीतरी पुटपुटलंच. सुनील उठून मागीलदारी गेला.

ठकूबाई त्याच्यामागे गेली. पोराच्या पोटात धड घास जात नव्हता. नवरा गेला तो गेला, आता लेकही हातचा जातो की काय, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. तिने खोदून विचारलं तेव्हा कुठे तो बोलला.

"बापूस दिसत व्हता गो आये. बोट हॉर्नवरच व्हता. पन बापसाच्या पाठीत हॉर्न कसा मारू? वाटला, जवळ जाऊन हाक मारू."

ठकूबाई त्याच्याजवळ टेकली. म्हाताऱ्यांमागे भोंगे वाजवणाऱ्या पोरांना तिनेच तर शिव्या घातल्या होत्या. हे वळण तिचंच, नि वाईट थोडंच होतं? बोल लावायचा तरी कोणाला?

"माजा काय चुकला काय गो?"

नाय रे बाबा, एवढंच म्हणायचं होतं. पण मोरूचं रक्ताने माखलेलं डोकं डोळ्यांपुढे आलं, नि एकदा तरी वाजवायचा होतास रे, असं आत काहीतरी ओरडलं. "नाय," ती म्हणाली. म्हणायला जरासा उशीर झाला.

तेवढा उशीर त्याला कळला. सकाळी तो मुंबईला गेला, नि पुढल्या दिवाळीला आला नाही.