दादाच्या डाव्या कुशीत

सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं त्या दुपारी डॉक्टरांचा थोरला भाऊ दवाखान्यात डोकावला. त्याचं चष्म्याचं दुकान शेजारच्याच गल्लीत होतं.

"दादा, झोप जरा. यंत्र कसं चालतं बघू दे."

"बघ बाबा. पण पोटात वाघ सापडला तर वहिनीला सांगू नकोस," दादा आडवा होत म्हणाला. "आधीच फुरंगटलीय. चार घासांत माझं पोट भरतं, तर म्हणते, माझ्या हातचं नकोसं झालंय."

डॉक्टर हसले आणि हसता हसताच थांबले. डाव्या बरगडीआड मुठीएवढी असायची ती प्लीहा जठराला रेटत पार बेंबीपर्यंत उतरली होती.

"काय रे? गप्प का झालास?"

"हात बसायचाय अजून."

"थापा नको मारूस. कान लाल झालेत तुझे."

मग सांगावंच लागलं.

रक्त तपासलं, हाडातला मगज काढून तपासला. रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिम्फोमाच वाटतो, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पण कुठल्या प्रकारचा, ते ठरत नाहीये. प्लीहा काढून तपासू, म्हणजे उलगडा होईल."

एरवी दुसऱ्यांचे रिपोर्ट चहा पिता पिता लिहिणारे डॉक्टर आता फोन वाजला तरी दचकत. एकदा वहिनीने त्यांना जिन्यातच गाठलं.

"भावजी, शक्यता-बिक्यता नकोत. खरं काय ते सांगा."

"वहिनी, शपथेवर सांगतो, मलाच माहीत नाही."

"तुम्हालाच नाही, तर मग आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" ती म्हणाली आणि पायरीवरच बसली. डॉक्टरही खालच्या पायरीवर टेकले.

ऑपरेशन निभावलं. रिपोर्ट मात्र लांबला. प्लीहेच्या नमुन्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाकडेही गेल्या. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

शेवटी बाईंनी तिघांना समोर बसवलं. "प्लीहेतच सुरू होणारा लिम्फोमा आहे. क्वचितच दिसतो. पण वाढतो अगदी सावकाश. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. लक्ष ठेवू, लागलं तर औषध देऊ. माणसं याच्यासोबत वर्षानुवर्षं जगतात."

"म्हणजे आळशी आहे," दादा म्हणाला. "आमच्याच घराण्यातला दिसतोय."

वहिनी खुदकन हसली आणि लगेच पदरात तोंड लपवून रडू लागली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी यंत्राला हात लावला नाही. ते काम सहकाऱ्यावर सोपवून ते बाहेर वहिनीशेजारी बाकावर बसले. आत दादाचं काहीतरी बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते. दोघंही दाराकडे बघत राहिले.