पट्ट्यावरचं वजन

माझ्या धाकटीला मुलगी झाली त्या वर्षीचा मार्च. मास्तरांना पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा त्यांच्या कमरेचा पट्टा मागून माझ्या हातात होता. इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात मी मदतनीस. तेवीस वर्षं हेच काम. मास्तर म्हणजे शिंपी. पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं. समोर स्टुलावर आमची फिजिओथेरपिस्ट ताई, त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवून.

“उभे राहा मास्तर. घाई नाही.”

“शिंप्याला कसली घाई?” मास्तर जड जिभेने म्हणाले. “आम्ही उद्या या, परवा या वाले.”

ते उभे राहिले. ताईने दहा आकडे मोजले. बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, तोंडावर हात धरला.

त्याच दिवशी चारच्या आत ताईला अर्ज द्यायचा होता: पुढचं खास शिक्षण कशात घेणार, हाडासांध्यांत की मेंदू-मज्जातंतूंत. जेवणाच्या सुट्टीत बरोबरीच्या मुली तिला समजावत होत्या.

“अगं, गुडघ्याचा पेशंट दीड महिन्यात जिना चढतो नि आभार मानतो. तुझा सहा महिन्यांनी एक बोट हलवणार, आणि घरचे विचारणार, बाकीच्या चारांचं काय?”

“पाठ जाते ती वेगळीच,” दुसरी म्हणाली. “मेंदूवाल्या मॅडमना बघ. चाळिशीतच वाकल्यात.”

ताईने डबा अर्धाच खाल्ला. मी पट्टे धूत होतो तिथे आली.

“मामा, खरं सांगा. मास्तर उभे होते तेव्हा पट्टा सैल होता ना? आधाराशिवाय दहा सेकंद, असं लिहितेय मी.”

पट्टा सैल नव्हता. मास्तरांचं निम्मं अंग माझ्या मनगटांवर होतं. पण आमच्या पक्षाघाताच्या पेशंटांकडे कुणी टिकत नव्हतं. येईल ती पोर सहा महिन्यांत गुडघ्यांकडे पळायची, आणि पेशंट नव्या चेहऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचे. ही राहावी असं मला फार वाटत होतं.

“सैल होता,” मी म्हणालो.

ताईने अर्ज दिला. मेंदू-मज्जातंतू. काकूंनाही जाताना तिने तेच सांगितलं: आधाराशिवाय दहा सेकंद.

पाचव्या दिवशी मास्तर आले ते स्ट्रेचरवर. सकाळी काकूंनी त्यांना पलंगाशी उभं केलं आणि भिंतीवरचा आरसा काढायला दोन पावलं गेल्या. मास्तरांना त्यांचं उभं राहणं दाखवायचं होतं. तेवढ्यात मास्तर पडले, खुब्याचं हाड मोडलं.

“दहा आकडे राहतील म्हटलं,” काकू म्हणाल्या. “माझे चारच झाले होते.”

संध्याकाळी मी ताईला खरं सांगितलं. तिने स्टुलावर बसून आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझ्या गुडघ्याला कळलं होतं, मामा. मला जे ऐकायचं होतं तेच तुम्ही बोललात.”

“अर्ज परत घ्या. मागे घ्यायची मुदत अजून आहे.”

“नाही घेणार. उद्यापासून मी मोजायच्या आधी तुमचे हात मला दिसले पाहिजेत. दोन्ही, रिकामे.” मग म्हणाली, “काकूंना मी सांगते.”

“मी खोटं बोललो, मीच सांगतो.”

मास्तर वरच्या मजल्यावर होते. पडून राहून पुढे त्यांच्या छातीत कफ भरला. ताई ड्यूटी संपल्यावर जाऊन तो मोकळा करायची. काकूंना मी त्याच संध्याकाळी व्हरांड्यात गाठलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे त्या दिवशी ते उभे नव्हतेच?”

“नव्हते.”

हातातल्या टॉवेलची त्यांनी घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

“तेवढं त्यांना सांगू नका,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मास्तर त्याच वर्षी एकोणीस एप्रिलला, शुक्रवारी दुपारी वारले. वय एकसष्ट.